थंड हवेत कासव बागेत पाळताना: कोरडी जागा, सकाळचं ऊन आणि फ्रीजमधली झोप

ब्रिटनमध्ये बागेत कासव ठेवायचं म्हटलं की पहिली भीती थंडीची वाटते. पण हर्मनचं कासव आणि स्पर-थाय कासव भूमध्य समुद्राभोवतीच्या डोंगरउतारांवरचं, तर हॉर्सफील्ड मध्य आशियातल्या माळांवरचं. तिथली थंडी त्यांना चांगली ओळखीची आहे. ब्रिटनमध्ये त्यांचा जीव जातो तो ओलीमुळे, आणि धड ऊब नाही, धड गारठा नाही अशा मधल्या हवेमुळे. १० ते १५ अंशांच्या ढगाळ दिवसात कासव जागं असतं, दोन घास खातंही. पण बाहेरच्या उष्णतेशिवाय त्याचं पचन चालत नाही. खाल्लेलं आतच कुजतं, रोगाशी लढायची ताकद मंदावते, नाक गळायला लागतं आणि काही आठवड्यांत न्यूमोनिया होतो.

म्हणून खाली सांगितलेली सगळी व्यवस्था एकाच गोष्टीसाठी आहे: जागं असलेल्या कासवाचं अंग रोज काही तास ३० अंशांच्या आसपास तापलं पाहिजे आणि रात्र कोरडी गेली पाहिजे. हे जमलं तर बाहेरची हवा १४ अंश असली तरी बिघडत नाही.

कोणतं कासव

बागेत राहू शकतात ती वर सांगितलेली तीन, आणि मार्जिनेटेड. सल्काटा, लेपर्ड आणि आपलं भारतातलं तारा कासव शीतनिद्रा (हिवाळाभराची झोप) घेत नाहीत, त्यांना ही पद्धत लावू नका. तारा कासव तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे भारतात घरी पाळताच येत नाही, आणि २०१९ पासून ते सायटीसच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे. सुट्टीवरून येताना ते आणायचा विचारही नको.

हर्मन, स्पर-थाय किंवा मार्जिनेटेड विकत घेताना विक्रेत्याकडून आर्टिकल टेनचं प्रमाणपत्र (संरक्षित प्राणी विकायचा सरकारी परवाना) घ्या आणि त्यावरचा मायक्रोचिपचा क्रमांक ताडून पाहा. पिल्लू लहान असेल तर पोटाकडचं कवच ६० मिलिमीटरचं झाल्यावर चिप बसवतात. हॉर्सफील्डला हे प्रमाणपत्र लागत नाही. दोन जाती एकत्र ठेवू नका. एका जातीच्या अंगात मुकाट्याने असलेला हर्पिस विषाणू दुसरीला मारू शकतो. कासवाला सोबतीची गरज नसते, एकटं ठेवलेलं उत्तम. दोन नर एकमेकांना धडका देऊन उलटे पाडतात, आणि एका मादीमागे एक नर असला तर तिला तो जेवूही देत नाही.

जागा

बागेत सकाळचं ऊन कुठे पडतं ते आधी पाहा. संध्याकाळचं ऊन कितीही असलं तरी ते सकाळची भरपाई करत नाही. कासवाला आधी तापायचं, मग खायचं आणि मग पचवायचं असतं, त्याला पुढचा अख्खा दिवस लागतो. पाठीशी उत्तरेकडे विटांची भिंत असेल तर फारच छान, ती दिवसभर ऊन साठवते आणि वारा अडवते.

एका मोठ्या कासवाला निदान ४ मीटर बाय २ मीटर जागा द्या. हिरवळ दिसायला सुंदर, पण ओलं गवत पोटाला सतत गार लागतं, म्हणून सगळी जागा गवताची नको. जमीन चिकणमातीची असेल (लंडनच्या बऱ्याच भागात ती तशीच असते) तर २० ते २५ सेंटिमीटर खणून काढा, तळाला १० सेंटिमीटर विटांचे तुकडे किंवा खडी घाला आणि वर पोयटा माती व जाड वाळू साधारण निम्मी-निम्मी मिसळून भरा. यातच दक्षिणेकडे उतरणारी ४० ते ५० सेंटिमीटर उंचीची एक टेकडी करा. लंडन साडेएक्कावन्न अक्षांशावर आहे, तिथे सूर्य महाराष्ट्रासारखा डोक्यावर येतच नाही. सपाट जमिनीवर ऊन तिरपं पसरतं, उतारावर ते बरंचसं सरळ पडतं. एप्रिलमध्ये कासव आपणहून त्या उतारावरच सापडेल. जवळ दोन-चार गडद रंगाच्या फरशा टाका. त्या तापतात, आणि वर चालून नखंही झिजतात.

कुंपण ४५ सेंटिमीटर उंच आणि भरीव हवं. जाळीतून पलीकडचं दिसलं की कासव दिवसभर तिथेच डोकं घुसवत राहतं, शिवाय जाळीवर चढून उलटं पडतं. उलटं पडलेलं कासव भर उन्हात थोड्याच वेळात दगावू शकतं. कोपऱ्यांतून ते वर चढतं, म्हणून कोपऱ्यांवर आतल्या बाजूला १५ सेंटिमीटर रुंद फळी आडवी ठोका. हॉर्सफील्ड असेल तर कुंपण जमिनीखाली ३० सेंटिमीटर गेलं पाहिजे, कारण ते खणण्यात पटाईत आहे. कोल्हे, बॅजर, उंदीर, कुत्री आणि पिल्लांच्या बाबतीत कावळे व मॅगपाय, हे सगळे शत्रू आहेत. दहा-बारा सेंटिमीटरपर्यंतच्या पिल्लांच्या जागेवर वरूनही जाळी हवीच. कासवं चोरीलाही जातात. पोटाकडच्या कवचाचा स्पष्ट फोटो काढून ठेवा, त्यावरचे ठसे प्रत्येकाचे वेगळे असतात.

कोल्ड फ्रेम, म्हणजे कासवाचं घर

लाकडाचं बंद खुराडं इथे उपयोगाचं नाही. त्यात अंधार असतो आणि ऊन शिरत नाही. भाजीची रोपं वाढवायची कोल्ड फ्रेम, म्हणजे पारदर्शक छताची बुटकी पेटी, घ्या किंवा बनवा: १२० बाय ९० सेंटिमीटर, मागची उंची ६०, पुढची ४०, छताला १० मिलिमीटर जाडीचं दुपदरी पॉलिकार्बोनेट. काचेपेक्षा ते ऊब जास्त वेळ धरतं आणि फुटून अंगावर पडत नाही. फ्रेम काँक्रीटच्या फरश्यांवर बसवा, म्हणजे खालून उंदीर येणार नाहीत. आत १५ सेंटिमीटर माती घाला. दार २५ सेंटिमीटर रुंद, २० उंच, त्याला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा. रात्री मात्र भक्कम फळीने बंद करून कडी लावा.

छताला मेणाच्या नळीवर चालणारा आपोआप उघडणारा व्हेंट ओपनर बसवा. वीज लागत नाही, हवा तापली की मेण फुगतं आणि झाकण उचललं जातं. हा खर्च टाळू नका. ढग हटले की बंद फ्रेममध्ये पारा ४० च्या पुढे जातो, आणि तेवढी उष्णता कासवाला थंडीपेक्षा लवकर मारते.

आत एका टोकाला झोपायची लाकडी पेटी ठेवा. दुसऱ्या टोकाला दिवा: ८० वॅटचा पीएआर-३८ हॅलोजन, फ्लड म्हणजे पसरट झोताचा. स्पॉट घेतला तर झोत कवचाच्या मधोमध पडतो, तेवढाच भाग भाजतो आणि बाकी अंग गारच राहतं. दिवा साधारण ४० सेंटिमीटरवर टांगून सुरुवात करा आणि कवचाच्या उंचीवर थर्मामीटर ठेवून ३३ ते ३५ अंश येईपर्यंत वर-खाली करा. टांगायला साखळी हवी. चिमट्यावर भरवसा ठेवल्याने दिवे पडून आगी लागतात. टायमरने सकाळी आठला लावा, स्वच्छ उन्हाच्या दिवशी बंद ठेवा. रात्रीसाठी ग्रीनहाउसचा ट्यूब हीटर, ६० ते १२० वॅटचा, जाळीच्या संरक्षकासह. त्याचा थर्मोस्टॅट १० अंशांवर ठेवा आणि सेन्सर कासवाच्या उंचीवर लावा, छताजवळ नको. बाहेरची वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या: चिलखती केबल, पाणी न शिरणारे सॉकेट आणि आरसीडी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच).

काच आणि पॉलिकार्बोनेट दोन्ही उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण अडवतात. हे किरण मिळाले नाहीत तर ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि कवच मऊ पडतं. म्हणून फ्रेम ही तापायची जागा आहे. तापलेलं कासव बाहेर उघड्या आकाशाखाली फिरलंच पाहिजे. पावसाळी आठवडे जास्त असतील तर आत यूव्हीबीची टी-५ ट्यूब लावा आणि दर वर्षी बदला, कारण उजेड दिसत असला तरी किरण कमी होत जातात.

खाणं

बागेत तण म्हणून उपटलं जातं तेच कासवाचं खरं अन्न: डँडेलियन, सो-थिसल, क्लोव्हर, मॅलो आणि प्लँटेन (आपल्या इसबगोलाचाच भाऊबंद). जास्वंदीची पानं-फुलं चालतात. फळं नकोत, कारण साखरेने आतड्यात आंबणं सुरू होतं. काकडी-टोमॅटोत पाण्याशिवाय फारसं काही नाही. पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून टाकतं. मायेने दिलेला पोळीचा तुकडा किंवा भात कासवाला जड जातो, घरातल्या मोठ्यांना हे आधीच सांगून ठेवा. कॅल्शियमसाठी समुद्रफेनाचा तुकडा नेहमी पडून असू द्या. उथळ ताटलीत पाणी रोज बदला. डॅफोडिल, फॉक्सग्लव्ह, यू आणि रोडोडेंड्रॉन ही विषारी झाडं जवळपास नको. तणनाशक मारलेल्या जागेतलं काहीही देऊ नका.

सप्टेंबर ते फेब्रुवारी

सर्वांत जास्त कासवं इथे गमावली जातात. गिल्बर्ट व्हाइट या अठराव्या शतकातल्या इंग्रज निसर्गअभ्यासकाने नोंदवलेलं कासव नोव्हेंबरच्या मध्याला जमिनीत शिरायचं आणि एप्रिलच्या मध्याला वर यायचं. ते पाहून ‘आपलंही बागेत झोपेल’ असं पुष्कळांना वाटतं. पण १९८४ मध्ये आयात बंद होईपर्यंत ब्रिटनमध्ये आलेल्या भूमध्य भागातल्या कासवांपैकी बहुतेक पहिल्या काही हिवाळ्यांतच मेली. जगलेल्यांच्या गोष्टी तेवढ्या उरल्या. जानेवारीत मध्येच ११ अंशांचा दिवस येतो, कासव जागं होतं, साठवलेली शक्ती खर्च होते, वर पाऊस आणि उंदीर. त्यामुळे आम्ही फ्रीजची पद्धतच सुचवतो, म्हणजे कासवाला हिवाळ्यात चालू फ्रीजमध्ये झोपवायचं.

सप्टेंबरमध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जाणकार पशुवैद्याकडून तपासणी आणि जंतांसाठी विष्ठेची चाचणी करून घ्या. कुत्र्या-गुरांना देतात ते आयव्हरमेक्टिन कासवाला कधीही देऊ नका, ते जीवघेणं आहे. नाक गळणारं, डोळे सुजलेलं किंवा वर्षभरात वजन न वाढलेलं कासव झोपवू नका. त्याला हिवाळाभर घरात दिव्याखाली जागं ठेवा.

मोठ्या कासवाचं खाणं झोपेच्या ३ ते ४ आठवडे आधी बंद करा, पण दिवा चालू ठेवा. आतडं रिकामं होण्यासाठी ऊब लागतेच. पोटात अन्न ठेवून थंडीत गेलेल्या कासवाच्या आतड्यात ते कुजतं आणि वायू धरतो. या काळात रोज २० मिनिटं हनुवटीपर्यंत कोमट पाण्यात बसवा, म्हणजे ते पोट साफ करतं आणि मूत्राशय भरून घेतं. हिवाळाभराचा पाणीसाठा तोच. शेवटच्या आठवड्यात दिवा बंद करून तापमान हळूहळू १० आणि मग ५ वर आणा.

फ्रीज वरच्या बर्फाच्या कप्प्याशिवायचा घ्या आणि दोन आठवडे आधी रिकामा चालवून पाहा. आत पाण्याच्या काही बाटल्या ठेवल्या की तापमान स्थिर राहतं. भोकं पाडलेल्या डब्यात किंचित दमट माती भरून त्यात कासव ठेवा, सेन्सर डब्याच्या आत. लक्ष्य ५ अंश, ३ ते ७ च्या बाहेर जाऊ देऊ नका. शून्याखाली गेलं तर डोळ्यांना कायमची इजा होते, १० च्या वर गेलं तर जाग येते. बिघाड लगेच कळावा म्हणून अलार्मचा थर्मामीटर घ्या. रोज एकदा दार उघडून झुलवा, आतली हवा बदलते.

दर आठवड्याला ग्रॅमच्या काट्यावर वजन करा. महिन्याला साधारण एक टक्का घट ठीक, म्हणजे १,००० ग्रॅमचं कासव महिन्यात १० ग्रॅम उतरेल. एकूण दहा टक्के होण्याची वाट पाहू नका, घट वेगाने होताना दिसली की उठवा. माती लघवीने भिजलेली दिसली तर त्याच दिवशी बाहेर काढा, पाणी पाजा आणि पुन्हा झोपवू नका. मोठ्यांना १० ते १२ आठवडे पुरेत, वर्षाखालच्या पिल्लाला ३ ते ४.

भारतात जाणाऱ्यांनी तारखा आधी जुळवा. दिवाळी बहुधा उपासाच्या आठवड्यांत येते आणि नाताळची सुट्टी ऐन झोपेत. मागे राहणाऱ्याला वजनाचा तक्ता आणि धोक्याचे आकडे कागदावर लिहून द्या.

उठवणं

डबा घरातल्या उबेत आणा. काही तासांत कासव हलायला लागलं की दिव्याखाली ठेवा आणि मग कोमट पाण्यात बसवा. ते मान बुडवून बराच वेळ पाणी पितं. पहिला आठवडा रोज असंच करा. खाणं बहुतेक दोन-चार दिवसांत सुरू होतं. सात दिवस झाले तरी तोंड लावलं नाही, किंवा तोंडात पिवळा चिकट थर दिसला, तर थेट पशुवैद्याकडे जा. मार्च-एप्रिलच्या एखाद्या उबदार दुपारी दिवा काढून टाकायचा मोह होतो. रात्री अजून थंड असतात, म्हणून स्वच्छ उन्हाचे दिवस सोडले तर मे उजाडेपर्यंत तो रोज सकाळी लागलाच पाहिजे.