प्लॅटफॉर्मवर ‘कोणीतरी ढकलेल’ ही भीती: मला काय लागू पडलं

लक्षण: गाडी आत शिरताना छातीत धस्स व्हायचं, मागचा माणूस आता ढकलणार! गाडी थांबली की भीती गायब.

विचार झटकून पाहिला, खांब धरला, सारखं मागे वळून पाहिलं. वैताग नुसता. झटकलेला विचार उलट जास्त येतो. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात ‘पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका’ म्हटल्यावरही लोकांच्या मनात अस्वल येतच राहिलं.

लागू पडलं ते असं. आधी पिवळ्या पट्टीच्या मागे उभं राहायचं (ही काळजी रास्तच). भीती आली की मनात म्हणायचं, ‘ढकलण्याचा विचार आला.’ मग मागे बघायचं नाही, खांब धरायचा नाही, मोबाइल काढायचा नाही. ती ओसरेपर्यंत तसंच उभं राहायचं. पुढच्या वेळी जागा तीच. भीतीपोटी प्रवासच टाळत असाल, तर मात्र समुपदेशकाला गाठा.