कोलंबसला येताय? शुक्रवारची संध्याकाळ मोकळी ठेवा

पुण्याहून कमिन्स या इंजिन कंपनीत बदली होऊन इंडियानातल्या कोलंबसला येणारी दोन-चार मराठी कुटुंबं दरवर्षी असतातच. घर कुठे बघायचं, कढीपत्ता कुठे मिळतो, लायसन्सची परीक्षा कशी असते, हे तुम्हाला पहिल्या आठवड्यात कुणीतरी सांगेल. मी २००७ साली आलो. हे गाव मला ज्या गोष्टीमुळे आपलं वाटायला लागलं, ती मात्र मला कुणी सांगितली नव्हती. म्हणून तुम्हाला सांगतो. इथे बास्केटबॉल समजून घ्या.

खेळाची आवड नसली तरी चालेल. मी कोल्हापूरचा, म्हणजे लहानपणापासून फुटबॉलवाला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांची मॅच असली की पेठांत काय वातावरण असतं, ते ज्यानं पाहिलंय त्याला इंडियाना लवकर उमगेल. तिथे पेठ, इथे शाळा.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही घरातच बसून होतो. साडेपाचला अंधार, बाहेर बर्फ, बोलायला माणूस नाही. एका शुक्रवारी शेजारचे निवृत्त गृहस्थ दारात आले आणि म्हणाले, चल, आज नॉर्थची मॅच आहे. कोलंबस नॉर्थ म्हणजे गावातली सरकारी शाळा. पन्नास हजार वस्तीचं गाव, आणि शाळेच्या जिममध्ये हजारो माणसं बसतील एवढ्या बाकांच्या रांगा! पॉपकॉर्नचा वास, कोपऱ्यात शाळेचा बँड, लाकडी फरशीवर बुटांची करकर. आमच्या रांगेत एका जागेवर घडी घातलेली चौकड्यांची चादर ठेवली होती. मी तिथे बसायला गेलो, तर शेजाऱ्यांनी दंडाला धरून पुढे सरकवलं. मॅच सुरू व्हायला पाच मिनिटं असताना सत्तरीच्या एक बाई आल्या, चादर मांडीवर घेतली आणि मला विचारलं, तुझं कोण खेळतंय? म्हटलं, कुणीच नाही. त्यांनी पिशवीतून पेपरमिंटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाल्या, मग बारा नंबरकडे बघ, तो दर वेळी डावीकडूनच घुसतो.

खरंच तो दर वेळी डावीकडूनच घुसत होता. सोमवारी ऑफिसात मी ते बोललो, आणि सहा महिने माझ्याशी फक्त हवापाण्याच्या गप्पा मारणारा सहकारी खुर्ची ओढून शेजारी बसला.

दोन जुन्या गोष्टी माहीत असू द्या, कारण त्या तुमच्या कानावर येणारच. १९५४ साली माइलन नावाच्या खेड्यातल्या शाळेनं राज्याची स्पर्धा जिंकली. त्या शाळेत १६१ मुलं होती. अंतिम सामन्यात बॉबी प्लम्प चेंडू हातात धरून चार मिनिटांहून जास्त वेळ नुसता उभा राहिला, आणि शेवटच्या क्षणी त्यानं मन्सी सेंट्रलसारख्या मोठ्या शाळेवर ३२-३० असा विजय मिळवून दिला. तेव्हा लहानमोठ्या सगळ्या शाळा एकाच स्पर्धेत खेळत. १९९७-९८ पासून विद्यार्थिसंख्येनुसार गट पाडले, आणि त्यावर इथले जुने लोक आजही हळहळतात.

दुसरी गोष्ट १९५५ ची. इंडियानापोलिसच्या क्रिस्पस अ‍ॅटक्स या कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या काढलेल्या शाळेनं राज्य जिंकलं. संघात ऑस्कर रॉबर्टसन होता. जिंकणाऱ्या संघाचा जल्लोष शहराच्या मध्यावर, मॉन्युमेंट सर्कलला व्हायचा. या मुलांची मिरवणूक मात्र तिथे थांबू न देता कृष्णवर्णीय वस्तीतल्या बागेकडे वळवली. पुढच्या वर्षी ती पोरं एकही सामना न हरता पुन्हा जिंकली. माइलनची गोष्ट तुम्हाला कुणीही उत्साहानं सांगेल, ही विचारावी लागते. तुम्ही विचारा.

व्यवहाराचं सांगायचं तर मार्चच्या सुरुवातीला मुलांच्या 'सेक्शनल' असतात, म्हणजे आसपासच्या शाळांची बाद फेरी. त्या शनिवारी मंडळाचा होळीचा कार्यक्रम ठेवू नका. आम्ही एकदा ठेवला आणि हॉल अर्धा रिकामा राहिला. आमचीच पोरं तिकडे बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत होती. दुसरं, 'आययू की पर्ड्यू' असं पहिल्या महिन्यात विचारतील. आययू म्हणजे इंडियाना विद्यापीठ, आणि पर्ड्यू हे राज्यातलं त्याचं कट्टर प्रतिस्पर्धी विद्यापीठ. एक ठरवून टाका, 'दोन्ही' हे उत्तर इथे चालत नाही.

आता कोचबद्दल. मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय.

ब्लूमिंग्टनचं इंडियाना विद्यापीठ इथून तासाभराच्या आत आहे. बॉबी नाइट १९७१ ते २००० तिथे कोच होते, तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. १९७६ चा त्यांचा संघ ३२ पैकी ३२ सामने जिंकला. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलच्या पहिल्या श्रेणीत अपराजित विजेता त्यानंतर आजवर झालेला नाही. त्याच माणसानं १९८५ मध्ये पर्ड्यूविरुद्ध भर मैदानात खुर्ची भिरकावली, आणि वागणुकीमुळेच सप्टेंबर २००० मध्ये त्यांना काढलं. ते रागानं वीसेक वर्षं तिकडे फिरकले नाहीत. २०२० च्या फेब्रुवारीत असेंब्ली हॉलमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या बास्केटबॉल स्टेडियममध्ये, परत आले, तेव्हा माझे शेजारी टीव्हीसमोर रडताना मी पाहिलेत. त्यांच्या शिस्तीचं मला कौतुक वाटतं, पण पोरांवर धावून जाणं हे कोचिंग नव्हे असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत शेजाऱ्यांकडे मांडायला मला दहा वर्षं लागली. तुम्हीही घाई करू नका.

१९८७ नंतर इंडियानाला बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद मिळालेलं नाही, आणि प्रत्येक नव्या कोचच्या डोक्यावर ते ओझं असतं. मी आल्यापासून सध्याचा हा पाचवा कोच. मधल्या तिघांचंच सांगतो. टॉम क्रीन यांनी पहिल्या हंगामात ६ सामने जिंकले आणि २५ हरले. तिथून संघ उभा करून २०१३ आणि २०१६ मध्ये त्यांनी बिग टेन, म्हणजे या विद्यापीठाच्या गटाची साखळी स्पर्धा, जिंकली. २०१७ मध्ये त्यांना नारळ मिळाला. आर्ची मिलर यांना २०२१ मध्ये काढलं, तेव्हा करार मोडण्याचे एक कोटी डॉलरहून जास्त पैसे देणगीदारांनी भरले. मग आले माइक वुडसन, इंडियानापोलिसचे, याच विद्यापीठाकडून खेळलेले. २०२५ मध्ये त्याच असेंब्ली हॉलमध्ये 'वुडसनला काढा' अशा घोषणा झाल्या.

पगार भरपूर असतो, हे खरं. पण आता खेळाडू दरवर्षी कॉलेज बदलू शकतात, २०२१ पासून त्यांना जाहिरातींचे पैसे घेता येतात. कोचला दर वसंतात जवळजवळ नवा संघ जुळवावा लागतो, शिवाय देणगीदारांना सांभाळावं लागतं ते वेगळंच. पर्ड्यूचं उदाहरण मला म्हणूनच मोलाचं वाटतं. २०२३ मध्ये मॅट पेंटर यांचा अव्वल मानांकित संघ सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत हरला. लाजिरवाणा पराभव होता. विद्यापीठानं त्यांना ठेवलं. पुढच्याच वर्षी तोच संघ अंतिम सामन्यात खेळला.

शाळेच्या कोचला तर तो पगारही नसतो. तो दिवसभर वर्गात शिकवतो आणि संध्याकाळी जिममध्ये असतो. माझ्या मुलीला बीजगणित शिकवणारे सर एका संघाचे कोच होते. सलग पाच सामने हरल्यावर किराणा दुकानात लोक त्यांना रांगेतच गाठून सल्ले देत. जिममध्ये त्यांची बायको तिसऱ्या रांगेत बसायची, आणि मागून काहीही कानावर पडलं तरी मान वळवायची नाही. ती ताठ मान मला अजून दिसते.

आपली मुलं संघात आली की आपल्यातही तो पालक जागा होतो. मार्कांवरून बाईंना भेटायची आपल्याला सवय आहे, तसंच आपण कोचला गाठतो की माझा मुलगा बाकावर का? मॅच संपल्यावर त्यांच्याकडे जाऊ नका, एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी मुलालाच विचारायला लावा की मी काय सुधारू. आणि आजूबाजूला कोचच्या नावानं ओरडा सुरू झाला, तर त्यात आपला आवाज मिसळू नका. त्यांची मुलंही त्याच जिममध्ये बसलेली असतात.

मुलींचा हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुरू होतो, मुलांचा महिनाअखेरीस. मुलींच्या मॅचना गर्दी कमी असते, लहान मुलांना घेऊन पहिल्यांदा जायला त्याच बऱ्या. अर्धा तास आधी पोहोचा. आत चांगलंच गरम होतं, जाड जॅकेट गाडीतच ठेवा. आणि बसण्याआधी जागेवर चादर नाही ना, ते बघा.