औषधाच्या चाचणीची बातमी आली की आधी हे बघा

नव्या औषधाने हमखास गुण येतो, अशी बातमी दिसली की चाचणीचा नोंदणी क्रमांक शोधा. भारतातला क्रमांक 'सीटीआरआय' (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया, म्हणजे चाचण्यांची भारतातली नोंदवही) या अक्षरांनी सुरू होतो. १५ जून २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे आणि या नोंदवहीच्या संकेतस्थळावर ती कोणालाही फुकट बघता येते. नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीची आहे ना? आणि 'प्रायमरी आउटकम', म्हणजे मुख्य मोजमाप, काय ठरलं होतं? बातमीत भलत्याच मोजमापाचा डंका असेल तर बाण मारून मग भोवती वर्तुळ काढलंय असं समजा.

पॅरोक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाच्या '३२९' क्रमांकाच्या चाचणीत असंच झालं. नैराश्य असलेल्या किशोरवयीनांत, आधी ठरवलेल्या मुख्य मोजमापांवर हे औषध प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, सरस ठरलंच नव्हतं. तरी २००१ च्या शोधनिबंधाने ते परिणामकारक म्हणून मिरवलं. २०१५ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या फेरविश्लेषणात औषध निष्प्रभ तर निघालंच, वर आत्महत्येचे विचार आणि वर्तन वाढल्याचंही दिसलं. चौदा वर्षांनी!

क्रमांकच सापडत नसेल तर ती बातमी पुढे पाठवू नका. चालू असलेली गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही.