फॅमिली डॉक्टर चांगला की नाही हे ठरवताना या चुका टाळा

नवीन एरियात राहायला गेलं की शेजाऱ्यांना विचारायचे प्रश्न ठरलेले असतात, पाणी किती वाजता येतं, दूध कोण टाकतं आणि जवळपास डॉक्टर कोण चांगला. शेवटच्याचं उत्तरपण जवळजवळ ठरलेलंच, "त्यांच्याकडे जा, हाताला गुण आहे, एका इंजेक्शनमध्ये ताप खाली!" दवाखाना पारखताना लोकांचं सगळ्यात जास्त इथंच चुकतं.

चूक १: ताप पटकन उतरवतो म्हणजे भारी डॉक्टर

साधा व्हायरल ताप तीन ते पाच दिवसांत आपोआप जातो. आपण दवाखान्यात जातो तिसऱ्या दिवशी, त्यामुळे चौथ्या दिवशी बरं वाटलं की श्रेय डॉक्टरला, नाहीतर त्या अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या गोळीला, जिचा व्हायरसवर काडीचा उपयोग नसतो. आणि जिथे खरंच दोन तासांत ताप गायब, अंगदुखी गायब, भूकपण लागली, तिथे त्या सुईत बरेचदा डायक्लोफेनॅकसारखं पेनकिलर नाहीतर डेक्सासारखं (डेक्सामेथासोन) स्टेरॉइड असतं. त्याने ताप दबतो, आजार तसाच राहतो. पावसाळ्यात हे फार महागात पडू शकतं, कारण डेंग्यू असेल तर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन असलं काही घ्यायचंच नसतं, रक्तस्रावाचा धोका वाढतो, पॅरासिटामॉलवरच भागवायचं असतं.

अजून एक, डेंग्यूत खरी जपायची वेळ म्हणजे ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस. म्हणून जो डॉक्टर "ताप गेला ना, झालं मग" म्हणून सोडून देत नाही, तर पोटात जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं, पेशंट एकदम सुस्त पडला तर रात्री कितीही वाजले असोत थेट हॉस्पिटल गाठा असं बजावून पाठवतो, त्याच्याकडे परत जा. भले त्याच्या औषधाने चार दिवस लागू देत.

चूक २: सलाईन लावली नाही म्हणजे नीट बघितलंच नाही

पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे ग्लुकोजच्या सलाईनच्या, ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा छोटे चमचे. बास. तोंडाने पाणी, ओआरएस, पेज जात असेल तर "अशक्तपणासाठी सलाईन" याला काही अर्थ नाही, फक्त बिल वाढतं. उलट्या थांबतच नाहीत किंवा बीपी पडलंय अशा वेळी मात्र लागते, तिथे वाद नाही. पण बरेच डॉक्टर खासगीत सांगतात की आम्ही नको म्हटलं तर पेशंट समोरच्या गल्लीत जाऊन लावून घेतो. म्हणजे यात आपलापण हात आहेच.

चूक ३: पुड्यांतल्या गोळ्या मुकाट घेऊन येणे

कागदाच्या पुडीत एक पांढरी, एक पिवळी, अर्धी गुलाबी, वर "सकाळ-संध्याकाळ" लिहिलेलं आणि चिठ्ठी नाहीच. स्वस्तात काम होतं हे खरंय, पण रात्री अंगावर पित्त उठलं, श्वास लागला तर दुसऱ्या डॉक्टरला सांगणार काय, पिवळी गोळी? त्यामुळे "डॉक्टर, नावं एका कागदावर लिहून द्या ना, आईला शुगरच्या गोळ्या चालू आहेत" एवढंच सांगायचं. भांडायची गरज नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं नाव पुढे केलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही. तरी टाळाटाळ झाली तर समजायचं काय ते. तेव्हाच्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने रजिस्ट्रेशन नंबर दवाखान्यात लावायचा असतो, प्रिस्क्रिप्शनवर आणि पावतीवरपण टाकायचा असतो, फीचा बोर्डसुद्धा लावायचा असतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल असं लिहायचं हेही त्यात आलं. किती जण पाळतात ते तुम्ही बघताच.

रजिस्ट्रेशनवरून आठवलं, पाटीवरची डिग्री नीट वाचा. एमबीबीएस असेल तर नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, बीएएमएस (आयुर्वेद) आणि बीएचएमएस (होमिओपॅथी) यांच्या कौन्सिल वेगळ्या. नुसतं "डॉ." आणि खाली लांबलचक अक्षरं, नंबर कुठेच नाही, तर कौन्सिलच्या यादीत शोधून बघा, नाव सापडलं नाही तर तिकडे फिरकू नका.

चूक ४: गर्दीवरून आणि गुगलच्या स्टारवरून ठरवणे

गर्दी स्वस्त फीमुळे असते, स्टेशनच्या रस्त्यावर असल्यामुळे असते, उधारी चालते म्हणूनपण असते. स्टार तर बरेचदा पार्किंग आणि रिसेप्शनवरच्या मुलीच्या बोलण्याला मिळालेले असतात.

त्यापेक्षा बीपी कसं घेतात ते बघा, यावरून फार कळतं. जिना चढून धापा टाकत आलेल्या काकांना लगेच स्टुलावर बसवायचं, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळायचा, हात खाली लोंबकळतोय, आणि वरून "काका, मुलगा कुठे असतो आता" अशा गप्पा. आकडा येतो १५०-१६० आणि गोळी सुरू. खरं तर पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठीला टेका, पाय जमिनीवर, उघडा दंड छातीच्या लेव्हलला टेकवलेला, बोलायचं नाही, आणि जास्त आलं तर परत मोजायचं. एका रीडिंगवर जन्माची गोळी देण्याआधी "चार दिवस घरी मोजून लिहून आणा" म्हणणारा डॉक्टर मिळाला तर त्याला सोडू नका. शुगरचंपण तसंच, फक्त फास्टिंगचा आकडा बघून पुढची चिठ्ठी देतो का तीन-सहा महिन्यांनी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट) सांगतो, वर्षातून एकदा लघवी आणि डोळे तपासायला लावतो, कधीतरी चप्पल काढायला सांगून तळपाय बघतो, हे लक्षात ठेवा.

चूक ५: टेस्ट लिहिल्या की एकतर डोळे झाकून करायच्या नाहीतर "कट खातो" म्हणून मोकळं व्हायचं

कट प्रॅक्टिस आहे, नाही कोण म्हणतंय? नियमात कमिशनला बंदी असूनही आहे. पण म्हणून प्रत्येक टेस्ट फालतू नसते. एक प्रश्न विचारायचा, "रिपोर्ट असा आला तर काय करणार आणि तसा आला तर काय?" उत्तर असेल तर टेस्ट करा. उत्तर नाही, आणि वर ठराविक लॅबमध्येच करा असा हट्ट, तर दुसरं मत घ्या. तापाच्या दुसऱ्याच दिवशी विडाल ही टायफॉईडची रक्ततपासणी करून "टायफॉईड निघाला" हा प्रकार आपल्याकडे फार चालतो. एवढ्या लवकर त्या टेस्टवर भरवसा ठेवता येत नाही, पूर्वी टायफॉईड होऊन गेला असेल तरी पॉझिटिव्ह येऊ शकते. पहिल्या आठवड्यात ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची टेस्ट, जास्त कामाचं, आणि तेही अँटिबायोटिक चालू करायच्या आधी.

उलटी केसपण असते, टेस्ट हवी तेव्हाच न सांगणारे. दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे आणि डॉक्टर तिसरं कफ सिरप, दुसरा अँटिबायोटिक असं बदलत बसलाय, एक्स-रे नाही की थुंकीची तपासणी नाही, तर थांबू नका. त्यात लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक गोळी दिली असेल तर टीबी काही दिवस दबल्यासारखा वाटतो आणि निदान अजून लांबतं. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते, त्यासाठी फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीची वाट बघायची गरज नाही. जाताना आधीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं तेवढी सोबत न्या.