रिमोटवरचा ८ तोच, पण आत नाइन की टेन? ऑस्ट्रेलियाच्या लहान शहरांत टीव्ही लावण्याची रीत

व्हिक्टोरिया राज्यातल्या बेंडिगोला नव्यानं राहायला आलेली मराठी मंडळी घर लागल्यावर पंधरा दिवसांत मला हमखास एक प्रश्न विचारतात. मेलबर्नला असताना ९ दाबलं की चॅनेल नाइन लागायचं, इथं ९ वर काहीच का नाही? त्यांना दर वेळी फोनवर सांगत बसायचे, ते आता एकदाच लिहून ठेवते.

मेलबर्न, सिडनीत सेव्हन, नाइन आणि टेन या तिन्ही खासगी टीव्ही नेटवर्कची स्वतःची स्टेशनं आहेत. लहान शहरांत गोष्ट वेगळी. तिथं परवाना, टॉवरवरची जागा आणि रिमोटवरचा आकडा बहुतेक काळ दुसऱ्याच कंपनीच्या हातात राहिला. ती कंपनी शहरी नेटवर्कशी करार करते, त्यांचे कार्यक्रम घेते, मध्ये स्थानिक जाहिराती घालते आणि जाहिरातींच्या उत्पन्नाचा मोठा वाटा नेटवर्कला देते. तालुक्याच्या गावी स्कूटरचं एकच दुकान असावं, मालक तोच, जागा तीच, पण यंदा एका कंपनीची एजन्सी आणि पुढच्या वर्षी प्रतिस्पर्धी कंपनीची, तसाच हा प्रकार.

तेव्हा सूत्र असं, की आकडा स्टेशनचा आणि कार्यक्रम नेटवर्कचा. करार मोडला की आकडा जागेवर राहतो आणि कार्यक्रम उठून दुसऱ्या आकड्यावर जातात. आमच्याकडे ८ म्हणजे विन, वुलनगाँगची कंपनी. ५ हा सदर्न क्रॉस या दुसऱ्या कंपनीचा आकडा होता, २०२५ मध्ये तिची इथली स्टेशनं टेननंच विकत घेतली. ६ वर सेव्हन, पूर्वी प्राइम नावानं. एबीसी २ आणि एसबीएस ३ या सरकारी वाहिन्यांचा या भानगडीशी संबंध नाही, त्या कधीच हलत नाहीत.

थोडा इतिहास सांगते, कारण त्याशिवाय जुन्या शेजाऱ्यांचं बोलणं कळत नाही. बेंडिगोचं बीसीव्ही-८ हे स्टेशन डिसेंबर १९६१ मध्ये सुरू झालं आणि पुढची तीस वर्षं इथं तेवढीच एक खासगी वाहिनी होती. सेव्हन, नाइन, टेन, कोणाचंही काहीही घ्यायचं आणि दाखवायचं. मग सरकारनं शेजारशेजारचे विभाग जोडून प्रत्येक ठिकाणी तीन खासगी वाहिन्या आणायचं ठरवलं. दक्षिण न्यू साउथ वेल्स आणि कॅनबेरात हे १९८९ मध्ये झालं, क्वीन्सलंडमध्ये १९९० च्या शेवटी, उत्तर न्यू साउथ वेल्समध्ये १९९१ च्या शेवटी आणि व्हिक्टोरियात १ जानेवारी १९९२ ला. तेव्हा प्रत्येक स्टेशननं एकेका नेटवर्कचा हात धरला. आमच्या वयस्क शेजाऱ्यांच्या तोंडी अजून विन म्हणजेच नाइन असतं, ते त्या दिवसांपासून.

ती जोडी फुटली २०१६ मध्ये. नाइननं नाइन-नाऊ या अ‍ॅपवर थेट प्रक्षेपण सुरू केलं आणि ते आमच्या भागातही दिसू लागलं. विनचं म्हणणं, हा आमच्या हक्कावर घाला आहे. कोर्टात विन हरलं. लगेच नाइननं सदर्न क्रॉसशी करार जाहीर केला, जाहिरातींच्या उत्पन्नाचा निम्मा वाटा नाइनला देण्याचा. विनच्या वाट्याला टेन आलं. १ जुलै २०१६ पासून दक्षिण न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरियाचा ग्रामीण भाग आणि क्वीन्सलंडमध्ये ५ आणि ८ मधला माल आपसात बदलला. पाच वर्षांनी, १ जुलै २०२१ ला, नाइन परत विनकडे आलं आणि टेन सदर्न क्रॉसकडे. पाच वर्षांचा रुसवा आणि पुन्हा संसार. मध्ये प्रेक्षक रिमोट घेऊन बसलेले.

आता कामाचं.

पहिलं काम म्हणजे आपलं घर कोणत्या विभागात येतं आणि कोणता टॉवर पकडतं ते बघणं. सरकारच्या मायस्विच या साइटवर पत्ता टाकला की टॉवरचं नाव, दिशा आणि अँटेना कसा हवा हे सगळं येतं. बेंडिगोचा मुख्य टॉवर माउंट अलेक्झांडरवर आहे. हे आधी करायचं, कारण बदल सरसकट सगळीकडे होत नाही. उत्तर न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे न्यूकॅसल, टॅमवर्थ, कॉफ्स हार्बर या बाजूला, एनबीएन हे स्टेशन नाइनच्याच मालकीचं असल्यामुळे २०१६ ला तिथं काही हललं नाही. न्यूकॅसलच्या मैत्रिणीनं 'आमच्याकडे तर सगळं ठीक आहे' असं सांगितलं म्हणून आपल्याकडेही ठीक असेल असं धरू नका. ती दुसऱ्या विभागात आहे.

दुसरं, तारीख. गेले दोन्ही मोठे बदल १ जुलैला झाले, कारण इथलं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं आणि करारही त्याच दिवशी. बातमी मात्र आधी फुटते. २०२१ चा नाइन-विन करार १२ मार्चलाच जाहीर झाला होता. म्हणजे मार्च-एप्रिलपासून कान उघडे ठेवले तर जुलैत धांदल होत नाही.

आणि जुलै हा या कामासाठी किती वाईट महिना आहे! रग्बी लीगचे स्टेट ऑफ ओरिजिनचे तीन सामने नाइनवर असतात. २०१६ मध्ये पहिले दोन जूनमध्ये झाले, विनच्या ८ वर. तिसरा १३ जुलैला, सदर्न क्रॉसच्या ५ वर. २०२१ मध्ये पुन्हा तेच, दोन जूनमध्ये आणि तिसरा १४ जुलैला, फक्त या वेळी ५ वरून ८ वर. एकच मालिका आणि दोन घरं. ऑफिसात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता.

मला मात्र त्या वर्षी फिकीर होती ती मास्टरशेफची. ते टेनवर. किश्वर चौधरी ही मेलबर्नची बांगलादेशी वंशाची बाई घरचं जेवण रांधून परीक्षकांना गप्प करत होती, फिजी-भारतीय मुळांचा जस्टिन नारायण तिच्याबरोबर होता आणि जूनअखेरपर्यंत हे सगळं आम्ही ८ वर बघत होतो. देशाच्या सीमा बंद, सासूबाई सांगलीत, मी त्यांना रोज फोनवर कोणी काय केलं ते सांगायचे. १ जुलैपासून ५ लावायचं हे मी फ्रिजवर चिठ्ठी लावून ठेवलं होतं. अंतिम फेरीत किश्वरनं पांता भात वाढला, म्हणजे आपल्याकडच्या शिळ्या भाताचाच सख्खा भाऊ, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे मी तुला रोज देत होते, तेव्हा नाक मुरडायचीस." जस्टिन जिंकला, किश्वर तिसरी आली. चिठ्ठी उपयोगी पडली.

तर तिसरं काम हेच: आपल्या घरात काय बघतात त्याची यादी करा आणि प्रत्येकासमोर नेटवर्कचं नाव लिहा, आकडा नाही. इथं आणखी एक गुंता आहे. स्पर्धांचे हक्कही नेटवर्क बदलत असतात आणि त्याचा स्टेशनच्या कराराशी संबंध नसतो. क्रिकेटचंच घ्या. २०१८ पर्यंत घरचे कसोटी सामने नाइनवर आणि बिग बॅश (टी-ट्वेंटी लीग) टेनवर होतं. म्हणून २०१६-१७ आणि २०१७-१८ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे कसोटी ५ वर आणि बिग बॅश ८ वर, त्याआधी बरोबर उलटं. २०१८ पासून दोन्ही सेव्हनकडे गेलं, म्हणजे ६ वर, आणि सेव्हनची जोडी इकडे तुटलीच नाही. भारताच्या २०१८-१९, २०२०-२१ आणि २०२४-२५ च्या दौऱ्यांतले कसोटी सामने आम्ही ६ वरच पाहिले. फक्त कसोटी क्रिकेटसाठी टीव्ही घेतलेल्यांनी इथंच वाचन थांबवलं तरी चालेल. टेनिसवाल्यांना ती सोय नाही. ऑस्ट्रेलियन ओपन २०१९ पासून नाइनकडे आहे, म्हणून ते २०२१ पर्यंत ५ वर आणि २०२२ पासून ८ वर.

बदलाच्या दिवशी सकाळी टीव्ही लावा. मुख्य वाहिन्या बहुतेक आपोआप नव्या कार्यक्रमांसह दिसतात. जोड वाहिन्या, म्हणजे नाइनच्या ९जेम, ९गो किंवा टेनच्या बाकीच्या, त्याही त्याच घरातल्या आकड्यांवर जातात: विनकडे गेलं तर ८ नं सुरू होणारा दोन अंकी आकडा, ५ च्या स्टेशनकडे गेलं तर ५ नं. एखादी गायब असेल किंवा जुनंच नाव दाखवत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ऑटो-ट्यून करा, म्हणजे टीव्हीला सगळ्या वाहिन्या नव्यानं शोधू द्या. पाच-दहा मिनिटं लागतात. जुन्या टीव्हीवर एचडीच्या वाहिन्या फक्त आवाज देत असतील किंवा काळ्याच दिसत असतील, तर दोष कराराचा नाही. टीव्हीला एमपीईजी-४, म्हणजे एचडी चित्र पाठवण्याची नवी पद्धत, कळत नाही, इतकंच.

छतावर चढू नका. करार बदलला म्हणून टॉवर हलत नाही, अँटेना आहे तसाच राहू द्या. 'नवीन चॅनेलसाठी नवीन अँटेना लागेल' असं सांगणारा माणूस दारात आला तर त्याला चहाही विचारू नका.

रेकॉर्डिंग लावणाऱ्यांनी ३० जूनच्या रात्री सगळे टायमर पुसून नव्यानं लावावेत. बऱ्याच मशीन आकडा लक्षात ठेवतात, कार्यक्रम नाही. त्यामुळे टेनिसऐवजी भलतीच कोणती तरी मालिका तासन् तास साठून राहते.

स्थानिक बातम्यांचा नियम उलटा आहे, त्या नेटवर्कबरोबर जात नाहीत. विन न्यूज दोन्ही बदलांत विनकडेच राहिली. नाइननं २०१७ मध्ये सदर्न क्रॉसवर स्वतःच्या स्थानिक बातम्या सुरू केल्या, २०२१ ला विनकडे परतताना त्या संपल्या. विननंही २०१९ मध्ये ऑल्बरी, ऑरेंज, वॉगा वॉगा आणि बंडाबर्गची बातमीघरं बंद केली. वणवा, पूर यांसाठी टीव्हीवर विसंबू नका, एबीसीचा स्थानिक रेडिओ लावा. हे माझं ठाम मत आहे.

इंटरनेट चांगलं असेल तर सरळ नाइन-नाऊ, टेन (पूर्वीचं टेन-प्ले) आणि सेव्हन-प्लस ही अ‍ॅप टाका. पैसे लागत नाहीत आणि गावात कोणाचं कोणाशी जमलंय याच्याशी अ‍ॅपला देणंघेणं नसतं. २०१६ चं भांडण त्याचसाठी तर होतं. शेतावर राहणाऱ्यांना हे सांगून उपयोग नाही, तिथं एक सामना बघताना डेटा संपतो.

शेवटची शक्यता वाईट: वाहिनी बदलत नाही, बंदच पडते. द्राक्षांच्या मिल्डुरात टेन दाखवणारं स्टेशन विन आणि प्राइम यांच्या भागीदारीतलं होतं, पुढे प्राइमचा हिस्सा सेव्हनकडे गेला. ते ३० जून २०२४ ला बंद झालं आणि टेनचा सिग्नलच गेला. अशा ठिकाणी ऑटो-ट्यून करून काही हाती लागत नाही. एक तर टेनचं अ‍ॅप, नाही तर व्हास्ट ही सरकारी मदतीची उपग्रह सेवा. व्हास्टसाठी आधी अर्ज करून पत्ता पात्र आहे का ते तपासायचं, मग डिश आणि व्हास्टचाच डीकोडर घ्यायचा. घर भाड्याचं असेल तर डिशसाठी भोक पाडण्याआधी एजंटची लेखी परवानगी घ्या, ईमेलवर.