हार्डवेअर कंपनीकडे लिनक्ससाठी पाठपुरावा करताय? या चुका टाळा

वायफाय कार्ड चालत नाही, स्कॅनर ओळखला जात नाही, आणि आपण रागाच्या भरात कंपनीच्या ग्राहक सेवेला लिहितो, ‘लिनक्सला सपोर्ट कधी देणार?’ दोन दिवसांनी छापील उत्तर येतं: सध्या फक्त विंडोज आणि मॅकओएस. अशी पत्रं मीही बरीच पाठवली आहेत. चूक त्या प्रश्नातच होती, हे कळायला मला फार उशीर लागला.

‘सपोर्ट’ म्हटलं की कंपनीला दिसतात डझनभर डिस्ट्रो (लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार आवृत्त्या), प्रत्येकीवरची चाचणी आणि तक्रारींचे फोन. साहजिकच ती नाही म्हणते. आपल्याला मात्र हवं असतं याहून पुष्कळ कमी: चिपची तांत्रिक कागदपत्रं आणि फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) इतरांना वाटण्याची लेखी परवानगी. ही परवानगी क्षुल्लक वाटते, पण तिच्याशिवाय डिस्ट्रोला ते फर्मवेअर सोबत देता येत नाही. मग वायफाय सुरू करायला लागणारी फाइल इंटरनेटवरून उतरवावी लागते, आणि इंटरनेट तर त्याच वायफायवर अवलंबून! ओपनबीएसडी या लिनक्ससारख्याच मुक्त प्रणालीचे संस्थापक थिओ डी राट यांनी वायरलेस चिप बनवणाऱ्यांकडे नेमक्या अशाच मागण्या लावून धरल्या. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्यांना २००४ चा पुरस्कार दिला.

ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, लिहायला माणसं नाहीत, ही कंपनीची सबबही टिकत नाही. २००७ मध्ये कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, विकासक ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कंपन्यांना जाहीरपणे सांगितलं होतं की माहिती द्या, ड्रायव्हर फुकट लिहून देऊ. गोपनीयतेचा करार लागला तरी त्यांची तयारी होती, फक्त तयार झालेला कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला राहायला हवा. ओपनबीएसडीवाले असे करार करतच नाहीत. माझं मत त्यांच्या बाजूचं आहे, कारण कागदपत्रं एकाच माणसाच्या कपाटात राहिली तर तो निघून गेल्यावर ड्रायव्हर सांभाळणार कोण?

दुसरी नेहमीची चूक म्हणजे खोक्यावरच्या नावाला पत्र लिहिणं. आतली चिप बहुतेक वेळा दुसऱ्याच कंपनीची असते. टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी (lsusb) किंवा एलएसपीसीआय (lspci) ही जोडलेल्या उपकरणांची यादी देणारी आज्ञा चालवा, त्यातला विक्रेता आणि उपकरणाचा क्रमांक उतरवून घ्या, डीमेसेज (dmesg) या कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या आज्ञेतल्या त्रुटीच्या ओळी जोडा आणि मगच लिहा. हे तपशील दिसले की पत्र अभियंत्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढते. त्याच क्रमांकाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीच आहे का, हेही पाहा. कधी कधी फक्त नवा क्रमांक यादीत घालायचा राहिलेला असतो.

बंदिस्त, म्हणजे कोड खुला नसलेला, ड्रायव्हर मिळाला की जिंकलो असं समजू नका. लिनक्स कर्नल आपले अंतर्गत इंटरफेस, म्हणजे ड्रायव्हर ज्यांच्यामार्फत त्याला जोडला जातो ते दुवे, स्थिर ठेवण्याची हमी देत नाही. कर्नलच्या बाहेर राहिलेला ड्रायव्हर पुढच्या एखाद्या आवृत्तीत मोडतो आणि कंपनीचा रस तोवर संपलेला असतो. मागणी मुख्य कर्नलमध्ये समावेशाचीच करा.

शिव्या देऊ नका. २०१२ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. एनव्हिडियाने कर्नल मॉड्यूलचा, म्हणजे ड्रायव्हरच्या कर्नलमध्ये चालणाऱ्या भागाचा, कोड खुला केला तो २०२२ मध्ये, आणि ग्राफिक्स ड्रायव्हरचा वापरकर्त्याच्या बाजूचा भाग तेव्हाही बंदच ठेवला. याउलट तिची स्पर्धक एएमडीने २००७ मध्येच आपल्या रेडिऑन ग्राफिक्स चिपची कागदपत्रं खुली करायला सुरुवात केली होती. कंपनीशी बोलताना एएमडीचं हे उदाहरण द्या, कारण ते तिच्याच क्षेत्रातलं आहे.

आणि कंपनीचा पहिला पॅच, म्हणजे कर्नलच्या कोडमध्ये सुचवलेला बदल, आला की गप्प बसू नका. कर्नल विकासकांच्या पुनरावलोकनात तो परत पाठवला जाणं नेहमीचंच आहे, पण नवख्या अभियंत्याला तिथे एकटं पडल्यासारखं होतं. आपलं उपकरण जोडून तो चालवून पाहा, चालला किंवा कुठे अडकला ते नावानिशी कळवा. चाललाच, तर कर्नलच्या नोंदीत त्यासाठी ‘टेस्टेड-बाय’ अशी वेगळी ओळ असते.