आरव्ही घेऊन वाळवंटात निघालात? मग या चुका टाळा

अमेरिकेत युटातल्या झायन नॅशनल पार्कच्या पूर्वेकडच्या फाटकावर आमची भाड्याची आरव्ही, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, उभी होती. रेंजरबाईंनी विचारलं, “गाडीची उंची किती? रुंदी?” मी मेव्हण्याकडे बघितलं, मेव्हण्याने माझ्याकडे. मागे गाड्यांची रांग लागलेली, आणि आतून सासूबाई विचारतायत, “पोचलो का रे?” लांबी तेवढी आम्हा दोघांना तोंडपाठ होती, कारण भाडं तिच्यावर ठरलं होतं. नेमकी तीच कुणी विचारली नाही.

पुढचा बोगदा १९३० सालचा, १.१ मैल लांब, तेव्हाच्या मोटारींच्या मापाने खोदलेला. ७ फूट १० इंचांहून रुंद किंवा ११ फूट ४ इंचांहून उंच गाडी त्यातून आपल्या लेनमध्ये राहून जाऊच शकत नाही, आणि भाड्याने मिळणारी जवळजवळ प्रत्येक मोठी आरव्ही या मापाबाहेरची असते. आम्ही १५ डॉलर भरले, रेंजरांनी समोरची वाहतूक थांबवली, आणि रस्त्याच्या मधोमध गाडी घालून आम्ही सुटलो. तुम्ही असे सुटणार नाही. मोठ्या गाड्यांना हा रस्ता २०२६ च्या मध्यापासून बंद करण्याचं पार्कने जाहीर केलं आहे.

या सगळ्या प्रवासातली मूळ चूक ही एकच, बाकीच्या तिची पिल्लं. मित्राने कारने केलेली लास व्हेगास, झायन, ब्राइस, पेज गाव, मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यन अशी यादी आपण उचलतो आणि तिच्यावर आरव्ही चढवतो. वाळवंटातल्या पार्कांचे रस्ते गाडीची मापं बघतात, तुमची सुट्टी नाही.

चार आकडे डॅशबोर्डवर चिकटवा

लांबी, रुंदी, उंची, वजन. उंची छतावरच्या एसीसकट आणि रुंदी आरशांसकट. मग मार्ग आखायला बसा.

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत आर्टिस्ट्स ड्राइव्हवर आणि दान्तेज व्ह्यूच्या चढावर २५ फुटांहून लांब गाडीला बंदी आहे. कोलोरॅडोतल्या मेसा वर्डीत वेदरिल मेसाच्या रस्त्यालाही हीच मर्यादा. मॉन्युमेंट व्हॅलीचा १७ मैलांचा कच्चा फेरा आरव्हीला बंदच आहे. गाडी वर लावायची आणि नवाहो (इथली मूळ अमेरिकी जमात) वाटाड्याच्या जीपमधून खाली जायचं. युटातल्या मोकी डगवेवर तीन मैल कच्ची नागमोडी वाट सुमारे अकराशे फूट खाली उतरते. फोनवरचा नकाशा तुम्हाला तिकडे बिनदिक्कत पाठवेल. ब्राइसकडून पेजला जाताना ‘इतकी मिनिटं वाचतील’ म्हणून तो कॉटनवुड कॅन्यन रोडही सुचवतो, तोसुद्धा कच्चा, ४६ मैलांचा, आणि पाऊस झाला की नुसता चिखल. भाडेकरार नीट वाचलात तर कच्च्या रस्त्यावर गाडी नेली की विमा लागू होत नाही, असं एक कलम बहुतेक सापडतंच. न्यू मेक्सिकोतलं चाको कॅन्यन त्यामुळेच आमचं राहून गेलंय. शेवटचे १३ मैल कच्चे.

वळसा घ्यावा लागला तर कुरकुरू नका. झायनचा बोगदा टाळून हरिकेन, फ्रेडोनिया, कनॅब असं गेलात तर वाटेत पाइप स्प्रिंग लागतं. एका झऱ्यावर मॉर्मन पंथाच्या लोकांनी १८७० च्या दशकात बांधलेली ही दगडी गढी; अॅरिझोना टेरिटरीतलं पहिलं तार कार्यालय १८७१ मध्ये इथे सुरू झालं. आईबाबांना हे ब्राइसच्या सुळक्यांहून जास्त आवडलं. झऱ्याच्या पाण्यावर कब्जा कुणाचा, हा इथला जुना वाद त्यांना कुणी समजावून सांगावा लागला नाही.

दिवे गेले, म्हणजे गाडी बिघडली असं नाही

दुपारी चार वाजता कॅम्पग्राऊंडला पोचलो, गाडीची वायर विजेच्या खांबाला जोडली, एसी लावला. कुणीतरी इन्स्टंट पॉटमध्ये खिचडी टाकली, कुणीतरी दूध मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं, आणि सगळं गप्प. मी मदतीच्या नंबरवर वीस मिनिटं ताटकळलो. शेवटी शेजारच्या गाडीतल्या आजोबांनी येऊन खांबावरचा ब्रेकर खालीवर केला आणि हसत निघून गेले.

हिशोब साधा आहे. आमच्या गाडीला मिळणारे ३० अँपिअर गुणिले १२० व्होल्ट, म्हणजे ३,६०० वॅट. त्यातले दीड हजार एसी खातो, हजार-दीड हजार मायक्रोवेव्ह, हजार इन्स्टंट पॉट. स्वयंपाक होईपर्यंत एसी बंद. तरी दिवे गेलेच तर आधी सगळी उपकरणं बंद करा, मग आतल्या पॅनेलमधला ब्रेकर, मग बाहेर खांबावरचा. आणि एखादाच प्लग मेला असेल तर न्हाणीघराजवळच्या प्लगवरचं रीसेटचं बटण दाबून बघा. एवढं करून नाही आलं तर मग फोन करा.

हुकअप (गाडीला जोडायची वीज; पूर्ण हुकअपमध्ये पाणी आणि सांडपाण्याची जोडणीही) नसेल तर छतावरचा एसी सहसा फक्त जनरेटरवरच चालतो. ग्रँड कॅन्यनच्या मॅदर कॅम्पग्राऊंडमध्ये हुकअप नाही आणि जनरेटर ठरलेल्या वेळांतच लावता येतो. पूर्ण हुकअप शेजारच्या ट्रेलर व्हिलेजमध्ये मिळतं. बाबांना झोपताना सीपॅप (श्वासासाठीचं विजेचं यंत्र) लागत असेल तर हा फरक बुकिंग करतानाच बघा. आणखी एक: बऱ्याच आरव्हींचा जनरेटर गाडीच्याच टाकीतलं पेट्रोल पितो, आणि टाकी पाव भागावर आली की आपोआप बंद पडतो. तुम्ही रानात अडकू नये म्हणून केलेली ती सोय आहे. मेव्हण्याने तो सुरू करायला अर्धा तास घालवला होता.

फोडणी दिली की धुराचा अलार्म बोंबलणार, हे गृहीत धरा. पंखा लावा, खिडक्या उघडा, नाहीतर बाहेर टेबलावर शेगडी मांडा. अलार्मची बॅटरी काढून ठेवू नका. त्याच डबीत किंवा तिच्याशेजारी कार्बन मोनॉक्साइड ओळखणारं यंत्र असतं आणि रात्री तेच तुम्हाला राखतं.

आता त्या विषयाकडे

यावर जेवणाच्या टेबलावर बोलत नाहीत, म्हणून चुकाही इथेच जास्त होतात. गाडीखाली सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. ग्रे टँकमध्ये सिंक आणि अंघोळीचं पाणी, ब्लॅक टँकमध्ये शौचालयाचं. पूर्ण हुकअपच्या जागी नळी जोडली की नवखा माणूस ब्लॅकची झडप उघडीच ठेवतो. काय होतं? पाणी वाहून जातं, घट्ट माल तळाशी राहतो, उन्हात वाळतो, आणि तिसऱ्या दिवशी डोंगर तयार. झडप बंद ठेवा, टाकी निदान दोन-तृतीयांश भरू द्या, मग एकदम सोडा. आधी ब्लॅक, नंतर ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हातमोजे घाला. प्रत्येक वेळी भरपूर पाणी ओता. पाणी वाचवायची आपली सवय या एका ठिकाणी अंगाशी येते. ओले वाइप्स आत टाकू नका, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

टाकी रिकामी करूनही काटा ‘भरलेली’ दाखवतो, तेव्हा घाबरायचं कारण नाही. पातळी मोजणाऱ्या आतल्या सेन्सरला कागद चिकटलेला असतो. दोन बादल्या पाणी ओतून तासभर गाडी चालवा आणि पुन्हा रिकामी करा.

ग्रे टँकचा शत्रू मात्र आपल्याच स्वयंपाकघरातला: भाताची शितं, चहाचा चोथा, फोडणीचं तेल. ताटं आधी कागदाने पुसून घ्या. सिंकमधून आंबूस वास येऊ लागला की समजा वरण खाली पोचलंय.

पिण्याचं पाणी वेगळं ठेवा, माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर. गाडीच्या स्वच्छ पाण्याच्या टाकीतलं पाणी त्यात धरायचं नाही.

चढ, उतार आणि ऊन

डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. उन्हाळ्यात तिकडे गाडी न्यायला काही भाडे कंपन्या करारातच मनाई करतात, तेव्हा नोव्हेंबर ते मार्च बघा. लांब चढाला इंजिनाचा काटा वर सरकू लागला की केबिनचा एसी बंद करा आणि वेग कमी करा. तरी सरकलाच तर हीटर लावा. अंगाला घाम फुटेल, पण इंजिनाची उष्णता बाहेर निघेल. उतारावर टो-हॉलचं (गाडीला खालच्या गिअरमध्ये रोखून धरणारं) बटण दाबा किंवा खालचा गिअर टाका. ब्रेकवर सतत पाय ठेवलात की जळका वास येतो, आणि तो आला की थांबायलाच हवं. टायरची हवा सकाळी, गाडी हलण्यापूर्वी तपासा. दुपारी तापलेल्या टायरमध्ये दाब जास्त दिसणारच. म्हणून हवा सोडू नका.

फ्रिज गार होत नाही, ही तक्रार फार. गॅसवर चालणारा फ्रिज गाडी तिरकी उभी असली की नीट चालत नाही. चाकाखाली फळ्या सारून गाडी सपाट करा, सेटिंग गॅसवर आहे का बघा, मग चार-सहा तास दार उघडू नका. (सासऱ्यांना ताक हवं होतं. दिलं नाही.)

गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छप्पर (ऑनिंग) उघडं टाकून फिरायला जाऊ नका. वाळवंटात वारा न सांगता येतो आणि मोडलेल्या दांड्यांचं बिल तुमच्या नावावर. ब्राइसची कड आठ हजार फुटांच्या वर आहे, मेमध्येसुद्धा रात्री पाणी गोठू शकतं, तेव्हा झोपण्यापूर्वी पाण्याची नळी काढून आत घ्या.

घड्याळ, पास आणि पाऊस

अॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. त्याच राज्यातला नवाहो प्रदेश करतो. नवाहोंच्या पोटात असलेला होपी जमातीचा प्रदेश करत नाही. तुमचा फोन जवळच्या टॉवरचं ऐकतो. पेजहून अँटेलोप कॅन्यन या अरुंद घळीची फेरी घेणार असाल तर बुकिंग करतानाच कुठली वेळ ते विचारा आणि एक साधं मनगटी घड्याळ त्यावर लावून ठेवा.

अँटेलोप आणि मॉन्युमेंट व्हॅली नवाहोंची आहेत, नॅशनल पार्क नाहीत. तिथे नॅशनल पार्कांचा ८० डॉलरचा वार्षिक पास चालत नाही आणि नवाहो प्रदेशात दारूही चालत नाही. कॅन्यन डी शेलीच्या तळाशी नवाहो वाटाड्याशिवाय उतरायचं नाही, कारण तिथे लोक राहतात, शेती करतात. कड्यावरचा पक्का रस्ता मात्र आरव्हीला सोपा आहे. भारतातून आईवडील आले असतील तर पासाचा हिशोब नव्याने करा. २०२६ पासून परदेशी पाहुण्यांचा वार्षिक पास २५० डॉलर झालाय, आणि तो नसेल तर ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस धरून ११ पार्कांत माणशी १०० डॉलर जादा.

मेसा वर्डीतल्या क्लिफ पॅलेसला (कड्याच्या कपारीत बांधलेली प्राचीन वस्ती) रेंजरबरोबरच जाता येतं, तिकीट आधी काढावं लागतं आणि शिड्या चढाव्या लागतात. गुडघे दुखणाऱ्यांनी वरच्या कठड्यावरून बघावं. दृश्य तिथूनही पूर्ण दिसतं. वाटेत खापराचा तुकडा दिसला तर उचलू नका. मुलांच्या खिशातसुद्धा नको, तो गुन्हा आहे.

जुलै ते सप्टेंबर पावसाचे. आपल्या डोक्यावर ऊन असतानाही मैलोगणती दूर पडलेला पाऊस अरुंद घळीत लोंढा होऊन येतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर अँटेलोपमध्ये अशाच लोंढ्यात ११ जण गेले. वाटाड्याने फेरी रद्द केली तर पैशांवरून हुज्जत घालू नका.

गाडी परत देण्याच्या आदल्या रात्री दोन्ही टाक्या रिकाम्या करा, पेट्रोल आणि प्रोपेन (फ्रिज-शेगडीचा गॅस) करारात लिहिलंय तेवढं भरा, छतासकट सगळ्या बाजूंचे फोटो काढा. आणि ओट्यावरचा हळदीचा डाग त्याच रात्री बेकिंग सोड्याने घासून घ्या. आम्ही तसाच ठेवला, आणि बिलावर त्याची वेगळी ओळ होती.